मोलोकाई ते ओआहू ही कयाक शर्यत करायची आहे. धरणात नियमित वल्हवतो. सराव कसा करू?

हवाईतल्या या दोन बेटांमधल्या कैवी खाडीतली ही शर्यत साधारण ५२ किलोमीटरची. धरणातल्या वल्हवण्याने दम नक्की वाढेल, पण खरी परीक्षा लाटांची आहे. तिथे ईशान्येचे व्यापारी वारे बहुतेक वेळा मागून आणि उजव्या अंगाने येतात. लाट मागून उचलू लागली की चार-पाच जोरकस वल्ही मारायची, नाव घसरू लागली की हात सैल सोडायचे. हे जमलं की अर्धी ताकद वाचते. दक्षिण आफ्रिकेचा कयाकपटू ऑस्कर चालुप्स्कीने ही शर्यत १२ वेळा जिंकली ती समुद्र वाचण्याच्या याच कौशल्यावर, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आठवड्यातून निदान एकदा खुल्या समुद्रात, वारा पाठीवर घेऊन वल्हवा. एकटे मात्र कधीच जाऊ नका.

बाकी दिवसांत एक लांब, संथ फेरी आणि एक छोटी, जोरकस. लांब फेरी हळूहळू तीन-चार तासांपर्यंत न्या. पाणी, मीठ आणि खाणं शर्यतीत घेणार तेच, तसंच घ्या. वल्हं खांद्याने ओढू नका, पायाने रेटा देऊन कंबर फिरवा.

आणि उलटल्यावर परत नावेत चढायचा सराव थकलेल्या अवस्थेत, लाटांमध्ये करा. नाव पायाला दोरीने बांधलेली हवी, अंगात लाइफ जॅकेट हवं. वाऱ्यात सुटलेली रिकामी नाव पोहून गाठता येत नाही.