जेवायला कुणाबरोबर बसता?

प्रिय डॉक्टर,

अन्ननलिकेच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेले पेशंट आता फॉलोअपला तुझ्यासमोर बसतील, म्हणून लिहिते आहे. स्कॅन ठीक, जखम भरली, वजन जरा उतरलं, एवढं फायलीत लिहून पुढचं नाव पुकारता येतं. तेवढ्यावर थांबू नकोस. त्यांना विचार, "जेवायला कुणाबरोबर बसता?"

बरेच जण क्षणभर गप्प होतात. मग कळतं की ते सगळ्यांचं झाल्यावर एकटेच जेवतात. कारण शरीरातच आहे. अन्ननलिकेचा मोठा भाग काढून जठराचीच नळी करून वर छातीत ओढलेली असते. साठवायला जागा नाही, अन्ननलिकेची खालची झडप गेलेली, जठराची हालचाल सांभाळणारी वेगस नस कापलेली. चार घासांत पोट गच्च होतं. कुणाला जेवणानंतर अर्ध्या तासात धडधड, घाम, कळ येऊन जुलाब होतात, कुणाला दोन-तीन तासांनी साखर उतरून थरथर सुटते. असं चारचौघांत होईल या धास्तीने माणूस आमंत्रणं टाळतो, आणि हळूहळू माणसंही टाळायला लागतो. या पेशंटांसाठी जगभर वापरली जाणारी ओईएस-१८ नावाची १८ प्रश्नांची प्रश्नावली आहे. इतरांसमोर जेवताना त्रास होतो का, हा प्रश्न तिच्यातही आहे.

घरच्यांना आत बोलाव. "अजून दोन घास घ्या ना" यामागे माया असते, पण पेशंटला ती रोजची परीक्षा वाटते. बायको घास मोजते, नवरा ताट सरकवतो, आणि दोघंही उपाशी उठतात. त्यांना स्पष्ट सांग: दिवसातून सहा-आठ वेळा थोडं थोडं, पाणी जेवणाबरोबर नको, जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, झोपताना पलंगाची डोक्याकडची बाजू उंच. ताटात उरलं तर तो अपराध नाही, हेही सांग. माझ्या मते आहाराच्या तक्त्याइतकंच हे वाक्य महत्त्वाचं आहे.

आजार परत येण्याच्या भीतीबद्दल ते स्वतःहून बोलत नाहीत. उठून दाराशी गेल्यावर, हात कडीवर ठेवून विचारतात, "परवा घास अडकला होता, काही नाही ना?" तेव्हा त्यांना परत बसव. अन्ननलिका आणि जठराची नळी जिथे जोडली, तिथे वाट आकसल्यानेही घास अडकतो, आणि ती एन्डोस्कोपीने रुंद करता येते. पण न तपासता "काही नाही" म्हणू नकोस. त्यांना खरं उत्तर हवं असतं.

"वाचलो, तरी आनंद का होत नाही?" असं कुणी विचारलं तर नशीबवान असल्याची आठवण करून देऊ नकोस. ती त्यांना सगळेच देतात. झोप, चिडचिड, कशातच मन न लागणं, जगणं नकोसं वाटणं, हे थेट विचार. गरज वाटली तर मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठव, आणि हा उपचाराचाच भाग आहे असं त्यांच्यासमोर म्हण.

पहिले काही महिने सगळ्यात कठीण. सहा महिने ते वर्षभरात पुष्कळांना बरंच सावरल्यासारखं वाटतं, पण काही तक्रारी वर्षानुवर्षं राहतात. "सगळं पूर्वीसारखं होईल" असं वचन देऊ नकोस.

आणि त्यांनी जे सांगितलं ते फायलीत त्यांच्याच शब्दांत लिही. पुढच्या खेपेला खुर्चीत दुसरा डॉक्टर असला, तर त्यालाही तिथूनच पुढे विचारता येईल.

तुझी,
मॅडम