आधी कागद, मग अंगठी

प्रिय पोरी,

काल तुझा फोन ठेवला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. "काका, अंगठी हातात घेतली आणि अंगावर काटाच आला," म्हणालीस. काटा मलाही येतो, सत्तरीतही येतो. पण काट्यावर दोन लाख मोजायचे नसतात.

तुझा फोटो मोठा करून पाहिला. विकणारा म्हणतो, क्वीन या इंग्लिश रॉक बँडच्या गायकाने, फ्रेडी मर्क्युरीने, पाचगणीत शिकताना वर्गमित्राला दिलेली अंगठी. आतल्या बाजूला 'एफ. एम.' कोरलंय. अगं, पाचगणीच्या त्या सेंट पीटर्स शाळेत तो बलसारा होता! मर्क्युरी हे आडनाव त्याने घेतलं लंडनमध्ये, १९७० च्या सुमारास, क्वीन बँड जमला तेव्हा. शाळकरी पोराच्या अंगठीवर ते अक्षर आलं कुठून? आणि शेजारचा ९२५ चा शिक्का चांदीचा कस सांगतो, ती कोणाच्या बोटात होती ते नाही. ते फक्त कागद सांगतो.

२०२३ च्या लंडनच्या लिलावाचे आकडे तू मला ऐकवलेस. त्याचं सापाच्या आकाराचं चांदीचं कडं, अंदाज सात ते नऊ हजार पौंडांचा, गेलं ६,९८,५०० पौंडांना. खरं आहे. पण नुसत्या नावाला तो भाव आला असं तुला वाटलं, तिथे तू चुकलीस. १९७५ च्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' या गाण्याच्या व्हिडिओत ते कडं त्याच्या अंगावर दिसतं. १९९१ मध्ये तो गेला, केन्सिंग्टनचं घर आणि घरातल्या वस्तू त्याच्या जिवलग मैत्रिणीकडे, मेरी ऑस्टिनकडे आल्या. तिने त्या तीस वर्षं सांभाळल्या आणि तिनेच सदबीज या लिलाव कंपनीकडे दिल्या. मधे तिसरा हात नाही. म्हणून त्याच्या मिशीच्या चांदीच्या कंगव्यालाही दीड लाख पौंडांवर मिळाले. मोडीत घातला असता तर काय आलं असतं? तुझ्या अंगठीच्या गोष्टीत किती हात आहेत, मोजलेस? वर्गमित्राचं नावसुद्धा तुला कोणी सांगितलेलं नाही.

मी एवढा चिडतोय, कारण हे मी स्वतः भोगलंय. १९९६ साली एका नाट्यगायिकेच्या मोत्यांच्या कुड्या तिच्या लेकीकडून घेतल्या. ऐंशीच्या घरातली बाई. स्वतः चहा केला, आईच्या आठवणी सांगत बसली. भिंतीवर आईचा फोटो होता, त्यात उजव्या कुडीतला खालचा मोती गळालेला स्पष्ट दिसत होता. माझ्या हातातल्या कुडीतही तीच जागा रिकामी! मी काय केलं? 'दोन ओळी लिहून द्या' म्हणायला संकोच वाटला. एवढ्या आपुलकीने देणाऱ्या बाईकडे पुरावा कसा मागायचा? फोटोची प्रतही घेतली नाही. वर घरी येऊन सराफाकडून नवा मोती बसवून घेतला, कुडी छान दिसावी म्हणून. एकुलती एक खूण माझ्याच हाताने बुजवली. वर्षभरात बाई गेल्या, घर विकलं गेलं, फोटो कुठे गेला कोणाला ठाऊक. आज त्या कुड्या कोणाच्या, हे फक्त मला माहीत आहे, आणि माझ्या शब्दाला बाजारात किंमत नाही.

तेव्हापासून कागदाशिवाय मी काही घेत नाही. पावती, जुनं पत्र, घालून काढलेला फोटो, देणाऱ्याच्या सहीचं निवेदन, काहीतरी हवंच. लोक मला हेकट म्हणतात. या हट्टापायी दोन-तीन खऱ्या वस्तूही सुटल्या असतील. सुटू देत. निदान माझ्यामागे माझ्या मुलांना कोणासमोर खोटं ठरायला नको.

विकणाऱ्याला उद्याच विचार: कोणी दिली, कोणाला, केव्हा, आणि हे सही करून लिहून देतोस का? टाळाटाळ केली तर ऊठ आणि चालायला लाग. 'दुसरं गिऱ्हाईक थांबलंय' म्हणाला तरी. संकोच करू नकोस, मी केला होता.

शनिवारी घरी ये. कुड्या काढून ठेवतो. उजवी उजेडात धरून बघ, खालचा मोती बाकीच्यांपेक्षा पांढरा आहे.

तुझा,
काका