टेपवरचा पहिला बॅकअप गेला कुठे?

टेपवर, म्हणजे कॅसेटसारख्या चुंबकीय फितीवर, बॅकअप घेणारे पुण्यात आता चार-दोनच उरले असतील, अशी माझी समजूत होती. या वेळच्या प्रश्नांनी ती मोडली. आज्ञा इथे देवनागरीत छापतोय; मशीनवर टाइप करताना अर्थातच मूळ इंग्रजी अक्षरांत करा.

प्रश्न : आमचा छापखाना आहे. रोज रात्री लिनक्सवर 'टार' (फोल्डरचं एकच गाठोडं बांधणारा प्रोग्रॅम) वापरून आधी हिशेबांचा आणि मग डिझाइनचा फोल्डर एकाच टेपवर घेतो. दोन्ही वेळा एरर येत नाही. पण टेपवर फक्त डिझाइन सापडतं. हिशेब कुठे जातात? (सदाशिव पेठ)

हिशेबांवर डिझाइन बसतं. तुमच्या स्क्रिप्टमध्ये ड्राइव्हचं नाव 'एसटी०' असणार. लिनक्समध्ये एकाच ड्राइव्हला दोन नावं असतात : 'एसटी०' आणि 'एनएसटी०'. पहिल्या नावाने काम केलं की काम संपताच टेप आपोआप सुरुवातीला गुंडाळली जाते. दुसऱ्या नावाने केलं तर जिथे थांबली तिथेच उभी राहते. म्हणजे तुमचा पहिला टार व्यवस्थित लिहिला जातो, टेप मागे जाते आणि दुसरा टार त्याच जागेवर पहिल्यापासून लिहितो. एरर कशाला येईल? मशीनने सांगितलं तेच केलं. (फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर हीच जोडी 'एसए०' आणि 'एनएसए०' अशी आहे.)

हसू नका, मीही हेच केलंय. वीसेक वर्षांपूर्वी एका ऑफिसात माझ्याकडे बॅकअपचं काम होतं. रोज टेप काढून सुवाच्य अक्षरात लेबल लावायचो : 'सोमवार – हिशेब + पत्रव्यवहार'. कपाटात ओळीने मांडलेल्या त्या टेपा बघून मलाच बरं वाटायचं. डिस्क गेली त्या दिवशी कळलं, की सगळ्या टेपांवर नुसता पत्रव्यवहार आहे. लेबलं सुंदर होती.

स्क्रिप्टमध्ये सगळीकडे 'एनएसटी०' करा. आधी 'एमटी'ची (टेप पुढे-मागे नेणारा प्रोग्रॅम) रिवाइंड आज्ञा, मग पहिला टार, मग दुसरा टार. प्रत्येक टारनंतर ड्राइव्ह टेपवर एक खूण ठेवतो. डिझाइन परत काढायचं असेल तर रिवाइंड करून 'एमटी'ला 'एफएसएफ १' सांगा. एक खूण ओलांडून टेप दुसऱ्या टारपाशी येईल. मधूनच मोजायला लागू नका, दर वेळी रिवाइंड करून सुरुवातीपासून मोजा. दुसऱ्या रात्री त्याच टेपवर पुढे लिहायचं तर आधी 'एमटी'ला 'इओडी' (लिहिलेल्याच्या शेवटाशी जा) सांगायला विसरू नका.

जुने हिशेब टेपवरून मिळतील का? नाही. डिझाइनच्या पलीकडे जुना तुकडा उरला असला, तरी ड्राइव्ह नव्या शेवटाच्या पुढे वाचत नाही.

प्रश्न : जुना एलटीओ-५ (एलटीओ जातीच्या टेपची पाचवी पिढी) ड्राइव्ह स्वस्तात मिळाला. सर्व्हरला जोडला, दिवा लागतो, पण लिनक्सला दिसत नाही. (कोथरूड)

रेड (आरएआयडी) कार्डाला, म्हणजे अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाला जोडलात ना? बरीच रेड कार्डं डिस्क दाखवतात, टेप दाखवत नाहीत. साधं एसएएस एचबीए कार्ड घ्या, ते ड्राइव्ह सरळ सर्व्हरला जोडतं. मग 'एलएसएससीएसआय' (जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा) चालवा. 'टेप' लिहिलेली ओळ दिसली की झालं. दिसूनही परवानगी नाकारली तर डेबियनवर तुमच्या युजरला 'टेप' ग्रुपमध्ये घाला. हा ड्राइव्ह एलटीओ-५ आणि ४ वर लिहितो, ३ नुसता वाचतो. खोक्यावर ३ टीबी लिहिलेलं असतं ते दुप्पट कॉम्प्रेशन धरून. खरी जागा १.५ टीबी.

प्रश्न : आमच्याकडेही एलटीओ-५च आहे. बॅकअप चालू असताना ड्राइव्ह सारखा थांबतो, मागे जातो, पुन्हा सुरू होतो. वेग ३० एमबीच्या वर जात नाही. ड्राइव्ह खराब झाला का? (औंध)

ड्राइव्ह उपाशी आहे. एलटीओ-५ला सेकंदाला १४० एमबी लागतात. हजारो बारक्या फाइली वाचताना डिस्क तेवढं देऊ शकत नाही. थोडाफार वेग ड्राइव्ह स्वतःच कमी करतो, पण त्याखाली गेलं की त्याला थांबावंच लागतं. आणि टेप जागच्या जागी थांबत नाही : पुढे घसरते, मग मागे जाऊन लांब उडीवाल्यासारखी नव्याने धाव घेते. यात वेळ जातोच, शिवाय टेप आणि हेड (ड्राइव्हचा टेप वाचणारा-लिहिणारा भाग) दोन्ही झिजतात.

मध्ये 'एमबफर' (डेटा मेमरीत साठवून सलग पुढे देणारा प्रोग्रॅम) बसवा. त्याला ४ जीबी मेमरी द्या आणि ती ९० टक्के भरल्यावरच टेपवर लिहायला सांगा. टारला ब्लॉकिंग (एका ब्लॉकमध्ये ५१२ बाइटचे किती तुकडे, तो आकडा) ५१२ द्या, म्हणजे २५६ केबीचे ब्लॉक होतील; एमबफरलाही तोच आकार सांगा. बॅकअप साध्या गिगाबिट नेटवर्कवरून येत असेल तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपासच मिळतील. तेवढ्यावर ड्राइव्ह निवांत चालतो.

प्रश्न : जुनी टेप वाचताना 'मेमरी मिळत नाही' असा एरर येतो. १६ची रॅम ६४ जीबी केली, तरी तेच. (हडपसर)

अहो, रॅम घेण्याआधी विचारायचं होतंत! टेपवरचा ब्लॉक मोठा आहे आणि टार वाचायला छोटं भांडं घेऊन बसलाय, एवढाच त्याचा अर्थ. काही सांगितलं नाही तर टार १०,२४० बाइटचं भांडं घेतो. टेप रिवाइंड करा, 'डीडी'ला (डेटा जसाच्या तसा उतरवणारा प्रोग्रॅम) १ एमबीचा आकार देऊन एकच ब्लॉक फाइलमध्ये काढा आणि त्या फाइलचा आकार बघा. २,६२,१४४ बाइट आले, तर त्याला ५१२ने भागा. ५१२च येतील, तेच ब्लॉकिंग टारला द्या. आणि तो आकडा टेपच्या लेबलवर लिहून ठेवा. औंधकरांनीही.

प्रश्न : टेपा ऑफिसच्याच कपाटात ठेवतो आणि ड्राइव्हमध्ये दर आठवड्याला क्लीनिंग टेप घालतो. बरोबर आहे का? (नारायण पेठ)

क्लीनिंग टेप ड्राइव्हने दिवा लावून मागितली तरच घाला. उगाच घासून हेड झिजतं.

कपाटाचं म्हणाल तर १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, तेव्हा पाणी तुमच्याच पेठेत शिरलं होतं. एक संच नदीपासून लांब, उंचावर राहणाऱ्या नातेवाइकाकडे ठेवा. पावसाळ्यात तिथून आणलेली टेप लगेच ड्राइव्हमध्ये घालू नका, एक दिवस खोलीत राहू द्या. नेता-आणताना स्कूटरच्या डिकीत मात्र विसरू नका. मे महिन्यात भर उन्हात, डिकीत टेप ठेवून लग्नाच्या पंगतीला बसलेला माणूस मी पाहिलाय.