पहिलीच ॲडव्हेंचर ट्रिप? मग एवढं बघा

पाच-सहा प्रकारांचं पॅकेज बघून हुरळून जाऊ नका. त्यातला बराच वेळ रांगेत, गाडीत आणि हार्नेस (कंबर-मांड्यांना आवळायचे सुरक्षा-पट्टे) चढवण्या-उतरवण्यातच जातो. दोन, फार तर तीन निवडा. ज्याची धास्ती वाटते ते सकाळी उरकून घ्या, अंग ताजं असतं. राफ्टिंगसारखं भिजायचं काम शेवटी, कारण ओल्या कपड्यांवर हार्नेस आवळला की मांड्या सोलवटतात.

बुकिंगआधी झिपलाइनची (ताणलेल्या तारेवरून लटकत घसरत जायचं) वजनमर्यादा विचारा. कमाल असते तशी किमानही असते, मुलं बरोबर असतील तर हे आधीच कळलेलं बरं. राफ्टिंगच्या नदीची श्रेणी, म्हणजे प्रवाह किती अवघड, तीही विचारा. ती १ ते ६ असते, नवख्यांनी ३ च्या पुढे जाऊ नये. प्रवास विम्यातून साहसी खेळ अनेकदा वगळलेले असतात, तेही तपासा.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- साध्या चपला किंवा कोरे बूट. टाचेला पट्टा असलेली सँडल किंवा वापरातले बूट घाला.
- जीन्स. भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही.
- सैल लाइफ जॅकेट. पट्टे आवळून झाल्यावर कुणाला तरी ते खांद्यांकडून वर ओढायला सांगा. कानांपर्यंत सरकलं तर अजून आवळा. याला अजिबात लाजू नका.

दोर-गाठींचा अभ्यास आत्ता नको. गाइड सूचना देत असताना सेल्फी काढू नका, एवढं पुरे. आणि ऐनवेळी पाय लटपटले तर सरळ ‘नको’ म्हणा. त्यांना याची सवय असते.