वहीवरचं ‘१/५’ ही तारीख नव्हे

प्रश्न : माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात होते, एवढंच घरात सगळ्यांना ठाऊक. १९४६ मध्ये ते मुंबईला परतले आणि लालबागच्या एका गिरणीच्या गेटवर पहारेकरी म्हणून लागले. लढाईबद्दल कधी बोलले नाहीत. दिवाळीत फटाके सुरू झाले की मोरीचं दार लावून आत बसायचे. गेल्या महिन्यात खोली रिकामी करताना त्यांची पत्र्याची ट्रंक उघडली. आत सहा टोकांच्या दोन पिवळ्या चांदण्या, दोन गोल पदकं आणि कसर लागलेली एक वही निघाली. वहीवर शाईनं ‘१/५’ लिहिलंय. ती तारीख असेल का? एका चांदणीची फीत लाल, पांढरी, हिरवी आहे. आजोबांनी काही शौर्य गाजवलं होतं का? आणि त्यांना पेन्शन का नव्हती? आजी आहे, ९५ वर्षांची, गावी रत्नागिरीतल्या खेड तालुक्यात असते.
— एक वाचक, करी रोड

उत्तर : ताई, आधी एक करा. ती पदकं कुणाला चिंच लावून घासू देऊ नका. त्या काळी हिंदी सैन्याला दिलेल्या बऱ्याच पदकांवर शिपायाचा नंबर आणि नाव बारीक अक्षरांत ठोकलेलं असतं, चांदणीच्या पाठीवर नाहीतर गोल पदकाच्या कडेवर. घासून घासून ते उडून जातं. मी पलटणीत क्लार्क म्हणून २८ वर्षं काढली, सुभेदार होऊन रिटायर झालो. नंबर नसला की माणूस शोधताना काय होतं ते मला विचारा. एकाच तालुक्यातले, एकाच नावाचे चार चार शिंदे निघतात.

‘१/५’ ही तारीख नव्हे, ती तुमच्या आजोबांची पलटण. १९२२ साली मराठ्यांच्या जुन्या पलटणी एकत्र आणून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री केली, तिची पहिली पलटण म्हणजे १/५. आम्ही तिला जंगी पलटण म्हणतो. तुम्ही सांगता ती फीत इटली स्टारची. दुसऱ्या चांदणीची फीत गडद निळी, लाल, फिकट निळी असेल तर तो १९३९-४५ स्टार. गोल पदकांपैकी ज्याच्या मागे दोन तोंडांच्या ड्रॅगनवर सिंह उभा आहे, ते वॉर मेडल. उरलेल्याचे रंग कळवा.

यातलं एकही शौर्यपदक नाही. स्टार मिळतो तो त्या आघाडीवर होता म्हणून. पण त्या आघाडीवर असणं म्हणजे काय, ते थोडं सांगतो, कारण माझे थोरले काका याच पलटणीत साधे शिपाई होते.

१/५ ही आठव्या हिंदी डिव्हिजनमध्ये होती. या डिव्हिजननं इटलीत नद्याच नद्या ओलांडल्या : नोव्हेंबर १९४३ मध्ये सांग्रो, मे १९४४ मध्ये कासिनोजवळची गारी, आणि ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ. काका सांगत, सेनिओचं पात्र आपल्या गावच्या पऱ्ह्याहून थोडं मोठं, पण दोन्ही काठांना मातीचे बांध, चाळीच्या दुसऱ्या मजल्याएवढे, आणि त्या बांधांच्या पोटात बिळं पाडून जर्मनांनी मशीनगन लावलेल्या. दुपारभर विमानं आणि तोफा, मग आग फेकणाऱ्या गाड्या, आणि अंधार पडता पडता पायदळ पाण्यात. त्या संध्याकाळी याच पलटणीच्या नामदेव जाधवांनी, नगर जिल्ह्यातल्या निमजच्या, जखमी सोबत्यांना खोल पाण्यातून, बांध चढून, सुरुंगांच्या पट्ट्यातून मागे आणलं. मग पुन्हा जाऊन मशीनगन बंद पाडल्या. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. तेही शिपाईच होते, कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे.

काकांच्या खांद्यावर गोळ्यांची पेटी होती. पेटीचा पत्रा मानेत घुसला, तो वण शेवटपर्यंत होता. मधोमध आल्यावर शेजारचा गडी, चिपळूणकडचा, पाण्यात पडला आणि त्यानं हात वर केला. काकांना पेटी टाकायचा हुकूम नव्हता. त्यांनी ती टाकली नाही. १९७५ साली मी भरती होऊन पहिल्या सुट्टीवर आलो, तेव्हा हे त्यांनी मला सांगितलं, लालबागच्या गॅलरीत, काकू झोपल्यावर. त्याआधी नाही, त्यानंतरही नाही. तुमचे आजोबा मोरीचं दार का लावून घेत ते मी सांगू शकत नाही. पण वाचल्याबरोबर मला काकाच आठवले.

इकडे काकू मुंबईत, गोदीजवळच्या मांडवीत माहेरी होत्या. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन बोट उडाली, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं होती. खोलीचं छप्पर खाली आलं. काका म्हणत, “लढाईला मी गेलो होतो, छप्पर हिचं पडलं.”

परतल्यावर तेही गिरणीच्या गेटवरच लागले. रात्रपाळी मागून घेत. पावसाळ्यात घरी आले की चहाच्या आधी पायरीवर बसून बोटांच्या बेचक्या फडक्यानं कोरड्या करत, एकेक, मग खोबरेल लावत. आम्हा पोरांनाही तसंच करायला लावत. इटलीच्या चिखलात भिजलेले पाय सुजून कुजताना त्यांनी पाहिले होते.

आता पेन्शन. लढाईच्या काळात हिंदी सैन्य दोन लाखांच्या आसपास होतं ते पंचवीस लाखांवर गेलं. लढाई संपली आणि लढाईपुरते घेतलेले लोक घरी पाठवले. पेन्शनीला लागणारी वर्षं भरली नव्हती, म्हणून हातात थोडी रक्कम, रेल्वे वॉरंट आणि ही वही. ऐन तारुण्याची चार-पाच वर्षं घेऊन वर हा हिशोब, याची मला आजही चीड येते.

पण तुमच्या आजींसाठी मार्ग आहे, आणि तो उद्याच धरा. दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या सैनिकांना पेन्शन नव्हती त्यांना आणि त्यांच्या विधवांना महाराष्ट्र शासन दरमहा मानधन देतं. अर्ज जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात करायचा, आजी राहतात त्या जिल्ह्याच्या, म्हणजे रत्नागिरीला. मुख्य पुरावा ही वहीच. तिच्यात नंबर, नाव, बापाचं नाव, गाव, भरतीची आणि सुटकेची तारीख असते. म्हणून कसर लागलेली पानं हातानं सोडवू नका, आहेत तशी उजेडात ठेवून फोटो काढा. वहीतल्या आणि आजींच्या आधार कार्डावरच्या नावात फरक असेल, तर प्रतिज्ञापत्र आधीच करून घ्या. बहुतेक अर्ज तिथेच अडकतात. नंबर वाचता आला नाही तर बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या रेकॉर्ड ऑफिसला पत्र घाला, फोटो जोडून. मसुदा मी करून देईन, मासिकाच्या पत्त्यावर मला लिहा. मूळ वही टपालानं कुणालाही पाठवू नका, मलाही नाही.

आणि गावी गेलात की आजींना एक विचारा. इटलीच्या डोंगरात गरीब शेतकरी चेस्टनट भाजून शिपायांना देत. काका म्हणत, चव अगदी फणसाच्या आठळ्यांची. मे महिन्यात ते चुलीच्या राखेत आठळ्या भाजायचे, सोलून आधी एक बाजूला ठेवायचे, मग खायचे. ती कुणाची, ते आम्ही कधी विचारलं नाही. तुमचे आजोबा आठळ्या कशा खात, तेवढं आजींना विचारून मला कळवा.