जुन्या लॅपटॉपला एसएसडी आणि रॅम घेण्याआधी

नवा लॅपटॉप घेण्याची घाई करू नका. तुमच्या लॅपटॉपमध्ये अजून हार्ड डिस्क असेल, तर सगळ्यात मोठा फरक एसएसडीनेच (फाइल्स साठवणारी, फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) पडेल. आधी ती घ्या, रॅमचं (काम चालू असताना लागणारी तात्पुरती मेमरी) नंतर बघू.

खरेदीआधी एवढं तपासा:

- एसएसडी कुठे बसणार? हार्ड डिस्कच्या जागी २.५ इंची साटा (हार्ड डिस्कचीच जोडणी वापरणारी) एसएसडी बसते. एम.२ स्लॉट (पट्टीसारख्या छोट्या एसएसडीची जागा) असेल तर तो साटा घेतो की एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान जोडणी), हे मॉडेल नंबरवरून निर्मात्याच्या माहितीपत्रकात बघा. नवशिके इथेच फसतात: फक्त साटा चालणाऱ्या स्लॉटमध्ये एनव्हीएमई घातली की ती दिसतच नाही. लांबीही जुळायला हवी. २२८० म्हणजे २२ मिमी रुंद, ८० मिमी लांब.
- रॅम कोणती? विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून परफॉर्मन्स, मग मेमरी बघा. किती स्लॉट वापरात आहेत ते तिथे कळतं. डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ (रॅमची पुढची पिढी) बसत नाही, खाचच वेगळी असते. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच सोल्डर केलेली असते, तिथे इलाज नाही. डेस्कटॉपची लांब पट्टी चुकून मागवू नका. लॅपटॉपला सो-डिम, म्हणजे आखूड पट्टी लागते.

ऑफिसचं काम आणि ब्राउझरला १६ जीबी छान पुरते. वेगाच्या आकड्यांत आत्ता अडकू नका.

उघडण्याआधी फाइल्सचा बॅकअप घ्याच. चार्जर काढा, लॅपटॉप पूर्ण बंद करा आणि आत बॅटरीची पिन सुटी करता येत असेल तर आधी ती काढा.