आरव्हीमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाडीत, एका डिशवरून दोन-तीन टीव्ही चालवायचे असतील तर जोडणी कशी करायची?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाडीच्या छतावर एक डिश, पुढे बैठकीत सेट-टॉप बॉक्स आणि टीव्ही. मागे बेडरूममध्ये दुसरा टीव्ही, आणि बाहेर ऑनिंगखाली, म्हणजे गाडीला लावलेल्या कापडी छपराखाली, बसून बघायला तिसरा. डिशच्या केबलला स्प्लिटर, म्हणजे एका केबलचे दोन फाटे करणारा तुकडा, लावून मागे दुसरा बॉक्स जोडला, तर एकीकडे चॅनल बदललं की दुसरीकडचं चित्र जातं. मग भिंतीतल्या अँटेनाच्या सॉकेटमधून सिग्नल मागे न्यायचा प्रयत्न केला, तिथे तर काहीच दिसेना.

बॉक्स आणि डिश दोन्ही बहुधा ठणठणीत आहेत. स्प्लिटर चुकीच्या जागी लागलाय, एवढंच.

खरेदी करण्याआधी एक गोष्ट घरच्यांशी बोलून ठरवा. तिन्ही टीव्हींवर एकाच वेळी एकच चॅनल दिसलेलं चालणार आहे, की प्रत्येकाला आपापलं हवंय? पहिलं असेल तर बॉक्सच्या पुढे फाटे फोडायचे. दुसरं असेल तर बॉक्सच्या मागे, म्हणजे डिशच्या बाजूला, आणि तिथे साधा स्प्लिटर चालत नाही. माझं निरीक्षण असं, की गाडीत राहणाऱ्या बहुतेकांना पहिलंच पुरतं, पण सामान मात्र दुसऱ्याचं आणून ठेवलेलं असतं.

साधा स्प्लिटर का चालत नाही ते समजून घ्या, म्हणजे पुढचं सोपं जाईल. केयू बँडमध्ये, म्हणजे डिश टीव्हीसाठीच्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यात, उपग्रहाकडून येणारा सिग्नल साधारण १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्झचा असतो. इतकी वरची फ्रिक्वेन्सी केबलमधून उतरवायची म्हटलं तर वाटेतच संपून जाईल. म्हणून डिशच्या तोंडाशी बसलेला एलएनबी तिला ९५० ते २१५० मेगाहर्ट्झपर्यंत खाली आणतो. पण तेवढ्या जागेत सगळी चॅनलं एकदम मावत नाहीत. युनिव्हर्सल एलएनबीत त्यांचे चार गट पडतात: उभं आणि आडवं पोलरायझेशन, म्हणजे लहरींच्या कंपनाची दिशा, आणि त्या प्रत्येकाचा खालचा व वरचा बँड. कुठला गट केबलमधून सोडायचा हे बॉक्स सांगतो, आणि सांगतो त्याच केबलमधून वीज पाठवून. १३ व्होल्ट म्हणजे उभं, १८ म्हणजे आडवं. सोबत २२ किलोहर्ट्झचा टोन असला की वरचा बँड. काही देशांत उभ्या-आडव्याऐवजी उजवं-डावं वर्तुळाकार पोलरायझेशन असतं, पण युक्ती तीच.

आता एका केबलवर दोन बॉक्स लावले की एकाच ड्रायव्हरला मागून दोघांनी दोन रस्ते सांगितल्यासारखं होतं. एक बॉक्स १३ मागतो, दुसरा १८, आणि जास्त व्होल्टेजवाल्याचं चालतं. दुसऱ्याची चॅनलं गुल. तुमच्याकडे नेमकं हेच होतंय. दोन्हीकडे एकाच गटातलं चॅनल लावून बघा, दोन्ही टीव्ही व्यवस्थित चालतील.

भिंतीतल्या सॉकेटची गोष्ट वेगळी. ते छतावरच्या साध्या टीव्ही अँटेनासाठी असतं. त्या प्लेटवर छोटं बटण असतं, ते दाबलं की बारीक दिवा लागतो आणि अँटेनाचा सिग्नल वाढवणाऱ्या बूस्टरला १२ व्होल्ट जातात. त्या वायरिंगमधले बूस्टर आणि स्प्लिटर जमिनीवरून येणाऱ्या टीव्ही सिग्नलसाठी बनवलेले, त्यामुळे ९५० मेगाहर्ट्झच्या वरचं त्यांना झेपत नाही आणि बॉक्सची वीजही बऱ्याचदा पुढे जात नाही. शिवाय प्लेटचे १२ व्होल्ट आणि बॉक्सचे १३-१८ एकमेकांवर आले तर काहीतरी जळूही शकतं. डिशची केबल तिथे पुन्हा लावू नका. गाडीच्या बाहेरच्या बाजूला ‘सॅट’ असं लिहिलेलं वेगळं सॉकेट असेल तर त्याची वायर सरळ आत येते, ती वापरायला हरकत नाही.

एकच चित्र सगळीकडे चालणार असेल तर काम सोपं आहे. बॉक्सच्या एचडीएमआय आउटपुटला, म्हणजे टीव्हीकडे चित्र आणि आवाज नेणाऱ्या सॉकेटला, एकाचे तीन किंवा चार करणारा एचडीएमआय स्प्लिटर लावा. त्याला स्वतःची वीज लागते, वीज न घेणारे स्वस्त तुकडे घेऊ नका. यात दोन भानगडी आहेत. तीन टीव्हींपैकी एक जुना, कमी बारकाव्याचं ७२०पी चित्र दाखवणारा असेल तर बरेच स्प्लिटर सगळ्यांनाच ७२०पी देतात. आणि एखाद्या टीव्हीला किंवा स्प्लिटरला बॉक्सचं कॉपी-संरक्षण, म्हणजे एचडीसीपी, जुळलं नाही तर तिथे काळा पडदा येतो. लांबीचंही बघा. साधी एचडीएमआय केबल फुल एचडीला साधारण दहा मीटरपर्यंत साथ देते, फोर-केला त्याहून बरीच कमी. गाडी आठ मीटरची असली तरी कपाटांच्या मागून, फरशीखालून वळणं घेत गेलेली केबल सहज बारा-तेरा मीटर होते. तेवढ्यासाठी कॅट-६, म्हणजे इंटरनेट नेटवर्कच्या, केबलवरून एचडीएमआय नेणारा एक्स्टेंडर घ्या. ती केबल बारीक असते, कुठूनही सरकते, आणि तिचं टोक भोक पाडल्यावर लावता येतं. एचडीएमआयचं ते रुंद डोकं पार्टिशनमधून काढताना किती मोठं भोक पाडावं लागतं ते एकदा बघाच.

वायरलेस एचडीएमआयही मिळतं. पाच गिगाहर्ट्झवालं प्लायवूडच्या पार्टिशनमधून जातं, पण वायफायशी भांडतं. साठ गिगाहर्ट्झवाल्याला समोरासमोर मोकळी जागा लागते, ते बेडरूमपर्यंत पोचायचं नाही.

तिसरा रस्ता मॉड्युलेटरचा. बॉक्सचं एचडीएमआय या डब्यात घालायचं, तो त्याचं साधं टीव्ही चॅनल करून देतो. ते चॅनल मात्र आधीच्याच अँटेना वायरिंगमधून तिन्ही टीव्हींपर्यंत जाऊ शकतं, कारण आता ते त्या वायरिंगला झेपणाऱ्या फ्रिक्वेन्सीत असतं. टीव्हीवर एकदा चॅनल सर्च केलं की झालं. मॉड्युलेटरचं मानक तुमच्या टीव्हीशी जुळलं पाहिजे, डीव्हीबी-टी, एटीएससी, आयएसडीबी-टी यांपैकी जे असेल ते. बरेच मॉड्युलेटर एचडीसीपी असलेलं चित्र घेतच नाहीत, तेव्हा परत करता येईल अशा बोलीवरच घ्या. पार्टिशनला हात लावायचा नसेल तर मला हा मार्ग आवडतो.

या तिन्हीत एक गोष्ट लोक विसरतात: रिमोट. मागे झोपून चॅनल बदलायचं तर बॉक्सपर्यंत रिमोटचे न दिसणारे इन्फ्रारेड किरण पोचायला हवेत. काही एक्स्टेंडरमध्ये त्याची सोय असते, टोकाला छोटा डोळा असलेली वायर मिळते. नाहीतर रेडिओवर चालणारा रिमोट असलेला बॉक्स बघा. नाहीतर रोज रात्री कुणीतरी उठून पुढे जाणार, आणि कोण जाणार यावरून वाद.

आता प्रत्येकाला वेगळं चॅनल हवं असेल तर. प्रत्येक टीव्हीला स्वतःचा बॉक्स लागेल आणि कंपनीच्या नियमांप्रमाणे त्याचं जे काही कनेक्शन असेल ते. उघडी डिश असेल तर ट्विन एलएनबीला दोन आउटपुट, क्वाडला चार, आणि प्रत्येक आउटपुटपासून बॉक्सपर्यंत स्वतंत्र केबल. क्वाडऐवजी क्वाट्रो उचलून आणू नका. क्वाट्रोच्या चार आउटपुटवर ते चार गट कायमचे वाटलेले असतात आणि पुढे मल्टिस्विच, म्हणजे प्रत्येक बॉक्सला हवा तो गट देणारा डबा, लावल्याशिवाय तो उपयोगाचा नाही.

पण गाडीत स्वतंत्र केबल म्हणजे छताला आणखी एक भोक, आणि प्रत्येक भोक पुढेमागे गळतं. म्हणून मी युनिकेबल एलएनबी सुचवेन. एकच केबल खाली येते आणि प्रत्येक बॉक्सला तिच्यात स्वतःची फ्रिक्वेन्सी मिळते, उदाहरणार्थ एकाला १२१० मेगाहर्ट्झ, दुसऱ्याला १४२०. जुन्या मानकात, म्हणजे ईएन ५०४९४ मध्ये, आठ जण मावतात. नंतरच्या ईएन ५०६०७ मध्ये बत्तीस. इथे स्प्लिटर चालतो, मात्र २१५० मेगाहर्ट्झच्या वरपर्यंत जाणारा आणि वीज पुढे सोडणारा. तुमचे बॉक्स युनिकेबल ओळखतात का ते सेटिंगमध्ये आधी बघा, आणि दोन बॉक्सना एकाच फ्रिक्वेन्सीचा नंबर देऊ नका.

छतावर उघड्या डिशऐवजी आपोआप फिरणारी डिश आत असलेला घुमट, म्हणजे डोम, असेल तर आतला एलएनबी बदलायच्या भानगडीत पडू नका. काही डोमना दोन आउटपुट असतात, पण कुठल्या उपग्रहाकडे वळायचं हे मुख्य आउटपुटवरचा बॉक्स ठरवतो. दुसऱ्याला जे समोर येईल त्यातलंच बघावं लागतं. चॅनलं एकाच उपग्रहावर असतील तर काही बिघडत नाही.

केबलच्या लांबीची काळजी करू नका. आरजी-६ केबलच्या पंधरा मीटरला वरच्या टोकाला चार-पाच डेसिबल जातात, आणि एलएनबी त्याआधी पन्नासहून जास्त वाढवून देतो. गाडीत दगा देतात ते जोड. केबलच्या टोकाला पिळून बसवायचे एफ कनेक्टर हादऱ्यांनी सैल होतात, दाबून बसणारे कॉम्प्रेशनचेच वापरा. टोक सोलताना बाहेरच्या जाळीचा केसाएवढा तार जरी मधल्या तांब्याला टेकला तरी शॉर्ट होतो आणि बॉक्स एलएनबीची तक्रार करतो. मधली तार कनेक्टरच्या काठाबाहेर एक-दोन मिलिमीटर दिसली पाहिजे, जास्त नको.

बॉक्स १२ व्होल्टचे असले तरी थेट बॅटरीवर टाकू नका. चार्जिंग चालू असताना १४.४ पर्यंत जातं, बॅटरी उतरली की ११. मधे स्टॅबिलाइज्ड, म्हणजे व्होल्टेज १२ वर स्थिर ठेवणारा, कन्व्हर्टर ठेवा.

तुमच्या वर्णनावरून मी असतो तर दुसरा बॉक्स परत केला असता, पुढच्या बॉक्सला चारवाला एचडीएमआय स्प्लिटर लावला असता, मागे आणि बाहेर कॅट-६ नेली असती. बाहेरच्या टीव्हीसाठी पावसाचं पाणी जाणार नाही असं झाकणाचं सॉकेट घ्या. वेगळी चॅनलं हवीतच म्हणत असाल तर आधी छतावर चढून एलएनबी किंवा डोमच्या खाली किती सॉकेट आहेत ते मोजा आणि लेबलचा फोटो काढा. पुढचा सल्ला त्यावरून देता येईल.